पाण्यात पाहणं

४ नोव्हेंबर

अर्धांगाच्या झटक्यानंतर सासूबाईंना आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. डावा हात अजून नीट उचलत नाहीत, जीभ जड झाली आहे, पण बोलायचं ते सगळं बोलतात. खुर्चीत बसवून हॉस्पिटलच्या दोघांनी त्यांना जिन्यातून वर आणलं. दारातून आत येताच पहिलं वाक्य, "खिडक्या पुसल्या नाहीस वाटतं." म्हणजे डोकं शाबूत आहे.

बिघडलंय ते गिळणं. मऊ शिजवलेलं अन्न जातं. पातळ काही दिलं की ते घशात वाट चुकतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं. गिळायला शिकवणाऱ्या बाई असतात हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, सगळ्यांत धोक्याचं म्हणजे साधं पाणी. ते इतकं चपळ असतं की आजारी घशाला तयारीला वेळच मिळत नाही. म्हणून पाण्यात एक पांढरी पावडर मिसळायची. तिने पाणी दाट होतं, चमच्यावरून सावकाश ओघळतं. चहा, रस, सूप, सगळ्यात घालायची. साधं पाणी एक घोटही नाही.

बाई गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही घशाची मास्तरीण कुठून शोधलीस?" नाव पडलं ते पडलं.

ह्यांना जाऊन दीड वर्ष होईल. तेव्हापासून मी रोजचं असं लिहून ठेवते. संध्याकाळी दिवसाचं सांगायला दुसरं कोणी नाही. सासूबाई आहेत, पण त्यांना मी काय सांगणार.

६ नोव्हेंबर

पाणी नको म्हणतात. एक चमचा तोंडात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या, मग कसाबसा गिळला.

"हे पाणी आहे? ही खळ आहे."

"आई, औषध समजून घ्या."

"खळ पाजून झाली की इस्त्रीही करणार असशील."

मला हसू आलं ते मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. त्यांच्यासमोर हसलं तर आणखी चढतात.

दिवसाला सहा पेले पोटात जायला हवेत. आज दीडही गेला नाही.

७ नोव्हेंबर

मास्तरणीने एक खास प्लास्टिकचा पेला दिला आहे. एका बाजूला नाकासाठी खाच कापलेली, म्हणजे मान मागे न टाकता पिता येतं. सासूबाईंनी तो उजव्या हाताने सरकवून टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि तिथून खाली पडू दिला. म्हणाल्या, "काचेचा दे. त्याचा."

त्याचा म्हणजे ह्यांचा. हे पंपिंग स्टेशनवर फिटर होते. तिथे पाणी नितळ आहे का ते बघायला उंच, सरळसोट काचेचे पेले असायचे. त्यातला एक, बुडाला टवका गेलेला, ह्यांनी घरी आणला होता. खिडकीशी जाऊन उजेडात धरल्याशिवाय हे त्यातलं पाणी पीत नसत. पाहुणे असले तरी. मी चिडायचे, "घरच्या पाण्यात काय बघता एवढं?" तर म्हणायचे, "सवय गं."

तो पेला धुवायला महाकठीण. हात आत जात नाही आणि हे दाट पाणी बुडाला चिकटून बसतं. काठीला फडकं गुंडाळून घासावा लागतो. त्यांना हे बरोबर ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर

आज एक नवीन प्रकार. पेला हातात दिला की आधी उजेडाकडे धरतात. हात थरथरतो तरी धरतात. बघतात, बघतात, आणि मग "ह्यात गुठळी आहे" म्हणून परत देतात. मी गाळून आणलं. परत धरला. "हे तर दूधच झालंय." दूध कशाचं, मी जोरात ढवळल्यामुळे फेसाचे बारीक बुडबुडे आत अडकले होते. दाट पाण्यात बुडबुडा वर येत नाही, जिथल्या तिथे लटकून राहतो.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला पाण्यात पाहतात असं मी माझ्या बहिणीला सांगत आले. आता खरोखरच पाण्यात पाहतात. बहिणीला फोनवर हे सांगितलं तर तिला हसू आवरेना.

१२ नोव्हेंबर

वन्संचा फोन. वन्सं म्हणजे माझी नणंद, लांबच्या शहरात असते. डॉक्टर तिच्याशीही बोलले आहेत. महिनाअखेर तपासणी. तोपर्यंत पुरेसं पाणी जायला लागलं नाही तर पोटात नळी बसवावी लागेल. आणि नळी बसवली की तिच्या घराजवळ एक शुश्रूषागृह आहे, तिथे ठेवता येईल.

"वहिनी, तू एकटी किती करणार?" ती म्हणाली.

मी म्हटलं, बघू.

फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिले. मला वाईट वाटलं नाही. हे लपवून काय करायचं, म्हणून लिहिते. सासूबाईंची खोली रिकामी झाली तर तिथे दुपारचा उजेड किती चांगला येतो, वाचायला टेबल कुठे लावता येईल, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. टेबल खिडकीच्या डाव्या हाताला लावावं.

१४ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

सकाळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "लिंबू पिळून दे. मीठ घालून." त्यांनी काही मागितलं याचाच मला इतका आनंद झाला की मी लिंबू पिळलं, मीठ विरघळवलं, मग नेहमीच्या मापाने पावडर घातली. ढवळलं. दाट होईना. थांबले. थोडं झालं, पण नेहमीसारखं नाही. आणखी अर्धा चमचा घातली आणि वाटलं, आता चालेल. त्या वाट बघत होत्या.

दुसऱ्या घोटाला ठसका लागला. साधा नव्हे. चेहरा काळवंडला, डोळे मोठे झाले, आणि उजव्या हाताने माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापटत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग श्वास आला.

मास्तरीण लगेच आली. छातीला कान लावून, म्हणजे नळी लावून, बराच वेळ ऐकलं. छाती साफ आहे. पुढचे दिवस ताप बघायला सांगितलं.

ती निघाली तेव्हा ओट्यावर उरलेलं सरबत होतं. तासाभरात ते इतकं घट्ट झालं होतं की चमचा त्यात उभा राहत होता. मी म्हटलं, "हे बघा. तेव्हा पाणी होतं, आता दगड झालाय. तेच माप, तीच पावडर."

"खारट पेयात ती फुगायला वेळ लावते," ती म्हणाली. "डब्यावर लिहिलंय."

लिहिलं होतं. पाठीमागे, बारीक अक्षरात. मी, जी वाणसामानाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही, डबा वाचला नव्हता.

"पण का?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू. मला घसा कळतो, मीठ नाही." हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

संध्याकाळी सासूबाईंनी काहीच घेतलं नाही. मीही आग्रह केला नाही. आम्ही दोघी घाबरलो होतो.

१५ नोव्हेंबर

ताप नाही.

१६ नोव्हेंबर

वन्संची मुलगी, माझी भाची, कुठल्याशा प्रयोगशाळेत पाण्यावर संशोधन करते. चार वर्षं झाली. पाण्यावर म्हणजे नद्यांवर असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आज तिला फोन केला. म्हटलं, मिठाच्या पाण्यात पावडर का फुगत नाही?

ती एकदम हसली. मग म्हणाली, "मामी, माझं काम हेच आहे. चार वर्षांत घरातलं कोणीतरी पहिल्यांदा विचारतंय."

"तुझी आई?"

"आई विचारते, संपणार कधी."

मग ती बोलली, आणि मी मध्ये मध्ये अडवत राहिले. समजलं तेवढं लिहिते.

पाण्याचा एक कण म्हणजे एक फार लहान वाकडी वस्तू. तिचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. म्हणून एकाचं हे टोक शेजाऱ्याच्या त्या टोकाकडे ओढलं जातं. प्रत्येक कण साधारण चौघांना धरून असतो. ती म्हणाली, "हात धरल्यासारखं." मी म्हटलं, हात आहेत का त्यांना? "नाहीत गं, म्हणायची पद्धत." पण धरलेलं टिकत नाही. सोडायचं, वळायचं, दुसऱ्याला धरायचं. पापणी लवायच्या आत अब्जावधी वेळा. म्हणून पाणी चपळ.

मीठ टाकलं की त्याचे दोन प्रकारचे कण सुटे होतात, एक धन, एक ऋण. धन कणाभोवती पाणी आपलं ऋण टोक आत करून उभं राहतं, ऋण कणाभोवती उलटं. लहान कण पाण्याला घट्ट धरतो, मोठा सैल. जवळच्या पाण्याची एकमेकांशी असलेली धरपकड मोडते, सगळ्यांची तोंडं त्या कणाकडे होतात.

आणि पावडर म्हणजे लांबच लांब साखळ्या. साखळीवर जागोजागी सारखाच भार असतो. सारखे एकमेकांना ढकलतात, म्हणून साध्या पाण्यात साखळी हातपाय पसरून ताठ होते आणि तिच्यात पाणी शिरतं. पण पाण्यात मीठ आधीच असलं तर ते त्या भारांना झाकून टाकतं. साखळी अंग चोरून बसते. पाणी आत शिरायला फार वेळ लागतो. आपल्याला वाटतं, पावडर कमी पडली. आपण आणखी घालतो.

"मग करायचं काय?"

"क्रम बदल, मामी. आधी साध्या पाण्यात पावडर. ती पूर्ण फुगू दे. मग शेवटी मीठ आणि लिंबू. एकदा पसरलेली साखळी सहसा अंग चोरत नाही."

इतकी साधी गोष्ट.

१७ नोव्हेंबर

वाचनालयातून पाण्यावरचं एक पुस्तक आणलं. दोन पानं वाचली की डोकं गरम होतं, मग भांडी घासते, मग पुढची दोन. आकृत्या चांगल्या आहेत. शाळा सातवीत सुटली तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृत्या मी ते बाईंना परत करायच्या आधी कागदावर उतरवून घेतल्या होत्या, ते आठवलं.

भाचीला आज पुन्हा फोन केला. ती पावडर पाण्याला धरून ठेवते, तर मग आत पाणी उरतं का? सासूबाई म्हणतात तशी खळच झाली ना? ती म्हणाली, साखळीला चिकटलेलं पाणी फार थोडं. बाकीचं सगळं तसंच चपळ असतं, तसंच धरतं नि सोडतं. फक्त जाळ्यात अडकल्यामुळे सगळ्यांना मिळून सरकावं लागतं, म्हणून बाहेरून दाट वाटतं.

मी लगेच आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, आतलं पाणी पाणीच असतं. नुसतं जाळ्यात असतं."

त्यांनी जरा विचार केला. "मग दिसत का नाही?"

मी कपाळाला हात लावला. ह्या बाईला पटवणं कठीण.

१८ नोव्हेंबर

पुस्तकात एक परिच्छेद आहे, तो तीनदा वाचला. मिठाच्या कणाचा परिणाम किती लांबपर्यंत पोचतो यावर जाणत्या माणसांत वाद आहेत. भाचीही तेच म्हणाली. कोणी म्हणतं कणाला लागून असलेली पहिली रांग, कोणी म्हणतं आणखी दोन-तीन. "साध्या मिठाचं म्हणशील तर पहिल्या रांगेपलीकडे फारसं पोचत नाही असं मला दिसतं," ती म्हणाली. पहिल्या रांगेतलं पाणी पार वळून जातं, आणि त्याच्या पलीकडच्या पाण्याला पत्ताही नसतो.

मला हे गेले तो दिवस आठवला. आमच्या दारात माणसं उभी होती आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. दोन दारं सोडून रेडिओ चालू होता. मला त्याचा राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. इतकं जवळ, आणि त्यांना काहीच नाही. सासूबाई पलंगाच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. दोघींची तोंडं त्यांच्याकडे. एकमेकींकडे बघितल्याचं आठवत नाही.

मी भाचीला विचारलं, "आणि तो मधला कणच काढून घेतला तर? भोवतीचं पाणी काय करतं?"

"काही नाही, मामी. लगेच एकमेकांना धरतं. रिकामी जागा राहतच नाही."

पाण्याचं बरं आहे.

२० नोव्हेंबर

तीन वाट्यांत तीन प्रकार करून बघितले. आधी मीठ, मग पावडर. आधी पावडर, मग मीठ. नुसतीच पावडर. भाची म्हणाली तसंच झालं, तंतोतंत. आधी पावडरीवाली वाटी मीठ पडल्यावरही तशीच राहिली. चमच्यावरून रेशमासारखी उतरत होती. ओट्याशी उभी राहून एकटीच खूश झाले.

बुडबुड्यांचाही बंदोबस्त केला. फेटायचं नाही. पावडर थोडी थोडी भुरभुरवत, चमचा एकाच दिशेने सावकाश फिरवायचा, आणि झाकून ठेवून द्यायचं. सकाळी केलेलं दुपारपर्यंत इतकं नितळ झालं की वाटीच्या तळाची नक्षी दिसली.

तेच त्या उंच पेल्यात ओतून दिलं. सासूबाईंनी खिडकीकडे धरलं. मी तयार होते, आता काय काढतात बघू. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग प्यायल्या. घोट घोट करून सगळं संपवलं आणि पेला टेबलावर ठेवला.

"आणखी?" मी विचारलं.

"संध्याकाळी."

म्हणजे गुठळीच सापडली नाही. हरल्या बिचाऱ्या. मला जिंकल्यासारखं वाटलं, ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

२३ नोव्हेंबर

काल पाच पेले, आज सहाला घोटभर कमी. प्रत्येक पेला आधी उजेडात. खिडकीशी खुर्ची कायमची लावून घेतली आहे. म्हणून आज मी न सांगता खिडक्या पुसल्या. त्यावर, "कोपरे राहिले."

२५ नोव्हेंबर

वन्सं आली आहे. शुश्रूषागृहाचे फोटो घेऊन आली. स्वच्छ आहे, बाग आहे, नर्सेस तरुण आहेत. मी सगळे फोटो बघितले.

दुपारी ती म्हणाली, आज आईला मी पाणी देते. तिने मास्तरणीचा खाचेचा पेला शोधून काढला, त्यात मी करून ठेवलेलंच पाणी घातलं आणि आत गेली. मी मुद्दाम इकडेच थांबले. आतून ऐकू येत होतं.

"आई, घे ना. वहिनीनेच केलंय."

"नको."

"माझ्या हातून घे की."

"तिला बोलाव. तिला माहितीय."

हे असं. घरात मुलगी आलेली असताना नोकराला हाक मारावी तशी हाक. मी आत गेले, पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजेडात धरलं, बघितलं, प्यायल्या. वन्सं बघत उभी राहिली. तिच्या तोंडाला काय झालं कोण जाणे, ती एकदम वळून स्वयंपाकघरात गेली.

मी मागून गेले तर नळ सोडून तोंडावर पाणी मारत होती.

"माझ्या हातचं चालत नाही तिला," ती म्हणाली.

"अहो वन्सं, त्यांना माझं तरी काय चालतं? रोज खोट काढतात. बघितलंत ना, कसं उजेडात धरून बघत होत्या."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. टॉवेलने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "खरं सांग. तू म्हणशील तर मी तिला नळी लागो न लागो घेऊन जाते. दादा गेला. तुझं ह्या घरात अडकून पडायचं काय कारण आहे? रागाने नाही म्हणत मी."

मला ठाऊक आहे ती रागाने म्हणत नव्हती. उत्तर तयार असायला हवं होतं. टेबल कुठे लावायचं तेसुद्धा ठरलं होतं माझं.

"तपासणी होऊ दे," मी म्हटलं.

२६ नोव्हेंबर

वन्सं बाहेर गेली होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जायचं तर मी जाईन. तुला मोकळं होईल."

टोमणाच. मी म्हटलं, "मी कुठे काय म्हटलंय?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस." आणि भिंतीकडे कूस बदलली. डावी बाजू जड आहे, मदतीशिवाय वळता येत नाही, तरी वळल्या. उशी नीट करायला गेले तर हात झटकला नाही. माझं मनगट चाचपून बघितलं, जिथे त्या दिवशीचा वळ होता. वळ आता गेलाय.

२८ नोव्हेंबर

तपासणी झाली. वजन ठीक, ताप नाही, रक्त ठीक. मास्तरणीने त्यांना आपल्यासमोर गिळायला लावलं, दाट, कमी दाट, मग चमचाभर साधं. गळ्यावर दोन बोटं ठेवून बघत होती. सासूबाई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ.

नळी नको.

आणखी एक गोष्ट ती म्हणाली. जेवणासोबत दाटच चालू ठेवायचं. पण दोन जेवणांच्या मधे, दात आणि जीभ स्वच्छ घासून, पाठ ताठ ठेवून, साध्या पाण्याचे लहान लहान घोट द्यायला हरकत नाही. ठसका लागला तर थांबायचं. मी म्हटलं, इतके दिवस धोक्याचं होतं ना? ती म्हणाली, घसा सुधारलाय, आणि स्वच्छ तोंडातून पाण्याचा एखादा थेंब चुकीच्या वाटेला गेला तरी छाती तो बहुतेक जिरवून टाकते. त्रास देतो तो तोंडातला कचरा.

वन्सं माझ्याकडे बघत होती. सासूबाई खिडकीबाहेर. मला वाटतं तिथे उत्तर द्यायची माझी पाळी होती.

मी म्हटलं, "वन्सं, राहू दे त्यांना इथेच. पावडर कशी भिजवायची ते पुन्हा तिथल्या लोकांना शिकवत कोण बसणार."

हे कारण फार शहाणं नव्हतं. पण वन्संने मान डोलावली, आणि सासूबाई म्हणाल्या, "चहा कोणी करणार आहे का?"

२९ नोव्हेंबर

वन्सं सकाळी गेली. जाताना दारात मला घट्ट धरलं. तशी तिची सवय नाही. म्हणाली, "पोरीला फोन करत जा. तू फोन करतेस म्हणून ती आता मलाही करते. काल मला अर्धा तास मिठाबद्दल सांगत होती. काही कळलं नाही, पण बरं वाटलं."

दहा वाजता सासूबाईंचे दात घासले, जीभ पुसली. खिडकीशी खुर्चीत ताठ बसवलं. नळाचं पाणी, उकळून गार केलेलं, उंच पेल्यात अर्ध्यापर्यंत घातलं. हातात पेला घेऊन चालताना ते किती हललं. महिनाभरात विसरले होते. साधं पाणी क्षणभर स्वस्थ बसत नाही, कडेपर्यंत येतं, परत जातं, पुन्हा येतं.

त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उजेडाकडे धरलं. हात थरथरत होता, त्यामुळे पाणीही. मी वाट बघत उभी राहिले. महिनाभर ज्याच्यासाठी हट्ट चालला होता ते हातात आहे आणि पीत नाहीत.

"आई, घ्या ना."

"थांब." बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू बघ."

"मला काय बघायचंय?"

"बघ म्हणते ना."

मी पेला घेतला, छातीशी धरून आत बघितलं. पाणी. नितळ. म्हटलं, "स्वच्छ आहे."

"तसा नाही. वर धर." चांगला हात उचलून दाखवला. "खांद्याच्या वर. आणि एक डोळा मिट. तो कसा धरायचा?"

मी हात वर केला.

समोरची इमारत पेल्यात होती, तिची डावी बाजू उजवीकडे गेलेली. तिच्या बारक्या खिडक्या हलत होत्या, मग स्थिर झाल्या. उजेड पाण्यातून येऊन माझ्या बाहीवर पडला होता. ह्यांच्या बाहीवर असाच पडायचा. मी ओट्याशी असायचे, पाठमोरी, आणि वळून म्हणायचे, घरच्या पाण्यात काय बघता एवढं.

मी थोडी वळले तर पेल्याच्या पलीकडे सासूबाई आल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "असाच."

मागच्या पानांवर मी काय काय लिहून ठेवलंय ते मला ठाऊक आहे. खोडत नाही. राहू दे तसंच.

हात भरून आला तेव्हा पेला खाली घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तीन घोट घेतले, सावकाश, मध्ये थांबून. ठसका लागला नाही. डोळे मिटून म्हणाल्या, "पाणी."

उरलेलं मी प्यायले.